जुन्या सोफ्याला नवी खोळ: कापड किती, खर्च किती, फजिती किती?

सुईत दोरा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

वारज्यात भाड्याचं घर. आठ महिने आमच्या हॉलमध्ये बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि जमिनीवर एक गादी. गेल्या महिन्यात शेजारच्या सोसायटीतलं एक कुटुंब घर आवरून बंगळूरला निघालं, त्यांच्याकडून ३+१+१ असा सागवानी सोफा साडेसहा हजारांत उचलला. टेम्पोचे ९०० वेगळे. लाकूड ठणठणीत आहे. गाद्यांवरचं मरून रेक्झिन मात्र इतकं फुटलंय की बसून उठलं की पँटला मागे पापुद्रे चिकटलेले असतात. नवरा एकदा तसाच ऑफिसला गेला. अजून बोलत नाही त्या विषयावर.

सोफा दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने फोम, कापड, मजुरी धरून २१ हजार सांगितले. साडेसहाच्या सोफ्याला एकवीसचे कपडे! मग ऑनलाइन ते ताणलं जाणारं तयार कव्हर मागवलं. आमच्या सोफ्याला सुट्या गाद्या आहेत आणि लाकडी हात उघडे आहेत, त्यावर ते चढवल्यावर सोफ्याने शॉवर कॅप घातल्यासारखं दिसत होतं. परत पाठवलं.

आईची काळी पायमशीन माझ्याकडे आहे. मला येतं काय, तर उशीचे अभ्रे, परकर, आणि एकदा एक ब्लाउज (त्याबद्दल विचारू नये). ५ बसायच्या गाद्या आहेत, २२ × २२ इंच, जाडी ४. पाठीच्या ५, २२ × १८, जाडी ३. आता प्रश्न:

कोणतं कापड? किती मीटर? पायमशीन जाड कापड ओढेल का? आणि मागे चेन लावू की बांधायचे कापडी बंद? चेन लावायची मला भीती वाटते हे आधीच सांगून ठेवते.

---

बोरिवली स्लो

कापडाचं नंतर बघा. ढेकूण तपासलेत का?

मी ओशिवऱ्याच्या बाजारातून एक दिवाण आणला होता. दिसायला राजेशाही. तिसऱ्या रात्री कळलं की तो आधीच भाड्याने दिलेला आहे. गादीच्या शिवणीत, स्क्रूच्या भोकात, लाकडाच्या सांध्यात टॉर्च मारून बघा. काळे बारीक ठिपके, फिकट कात दिसली तर थांबा. उन्हात टाकून भागत नाही, ते आत सरकतात आणि उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरतात. वाफेचं मशीन किंवा पेस्ट कंट्रोल. आणि हे सगळं नवी खोळ घालायच्या *आधी*. नंतर तुम्ही त्यांनाच नवी खोली बांधून दिल्यासारखं होतं.

---

सुईत दोरा

टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसून सगळा सांगाडा पाहिला. ढेकूण नाही. सापडलं ते असं: एक रुपयाचं नाणं, वाटाण्याएवढं शेंगदाण्याचं टरफल, आणि 'सप्रेम भेट' लिहिलेली रिकामी पाकिटं तीन.

---

कोरं कापड

इचलकरंजीचा आहे, घरचा धंदा कापडाचा, म्हणून थोडं लांब लिहितो.

दुकानात 'सोफ्याचं कापड' म्हणून मागितलंत की तुमच्यापुढे चमकणारं पॉलिस्टर येईल. ते वाईट नसतं, पण आपल्या उन्हाळ्यात त्यावर बसून बघा. खोळ धुवायची असेल तर जाड सुती घ्या. केसमेंट, ड्रिल, डक, मॅटी ही नावं विचारा. वजन विचारा: जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. बसायच्या गादीला २५० ते ३५० चांगलं. पडद्याचं पातळ कापड स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, वर्षभरात बसायच्या जागी विरतं. दुकानात दोन गोष्टी करून बघा. कापड उजेडासमोर धरा, पलीकडचा ट्यूबलाइट स्पष्ट दिसला तर ठेवून द्या. आणि दोन्ही अंगठ्यांनी एकाच जागी धागे विरुद्ध दिशांना सरकवून बघा. धागे सरकून फट पडली तर शिवणीवरही तेच होणार.

आता मुख्य. कापायच्या आधी धुवा. पॉवरलूमवर चढवायच्या आधी ताण्याच्या (उभ्या) धाग्याला खळ देतात, नाहीतर धागे तुटतात. त्यात ताणा मागावर ताणलेला असतो. घरी पहिल्यांदा पाणी लागलं की खळ निघते, धागा सैलावतो, कापड आटतं. लांबीत जास्त, पन्ह्यात (म्हणजे रुंदीत) कमी. म्हणून न धुता शिवलेली खोळ पहिल्या धुण्यानंतर एकाच दिशेने तोकडी होते, आणि लोक शिंप्याला शिव्या देतात. सॅनफराइज्ड लिहिलेलं कापड फार आटत नाही, पण कटपीसमधून घेतलंत तर ते लिहिलेलं कुठे सापडणार? रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता वाळत घाला, थोडं दमट असताना इस्त्री करा.

मांजरपाट वापरणार असाल तर जास्तच जपा. तो आटायला सगळ्यात पुढे.

---

पन्हा कमी पडला

माझ्या आयडीचा इतिहास सांगतो. बायकोने सांगितलं, 'सोफ्याला आठ मीटर आण.' मी रविवार पेठेत गेलो, सुंदर निळं कापड दिसलं, आठ मीटर घेतलं, घासाघीस करून वर मीटरमागे वीस रुपये कमी केले. विजयी मुद्रेने घरी आलो. पन्हा ३६ इंच निघाला. हिशोब ५४ च्या पन्ह्यावर केलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर ते ठाण संपलेलं.

आमच्या सोफ्याचं एक अंग आजही वेगळ्या निळ्या रंगाचं आहे. पाहुण्यांना आम्ही सांगतो की हल्ली अशीच फॅशन आहे.

---

नलूमावशी

सुईत दोरा, बाळा, तुझ्या गाद्या चौकोनी आहेत. म्हणजे खरं तर तुला उशीचा अभ्राच शिवायचाय, फक्त त्याला चारी बाजूंनी भिंत आहे. घाबरू नकोस.

वर आणि खाली एकेक चौकोन, मध्ये पट्टी. फोम २२ इंच. अर्धा-अर्धा इंच दोन्हीकडे शिवणीत गेला तर २३ कापायला हवं, बरोबर? पण २३ कापू नको. साडेबावीस काप. खोळ फोमपेक्षा अर्धा इंच लहान असली की ताठ बसते. बरोबर मापाची खोळ महिन्याभरात आजोबांच्या स्वेटरसारखी लोंबायला लागते.

५४ च्या पन्ह्यात साडेबावीसचे दोन तुकडे शेजारी शेजारी बसतात, म्हणजे ४५ झाले. बाजूला ९ इंचांची पट्टी उरते. ती फेकायची नाही. त्यातून ३-३ इंचांच्या दोन पट्ट्या निघतात, त्यांच्यामध्ये चेन. हीच मागची भिंत. उरलेल्या तीन भिंतींना ५ इंच रुंद पट्टी (४ जाडी, एक शिवणीत), पन्ह्यातून आडव्या दोन काढ. म्हणजे एका बसायच्या गादीला लांबीत साधारण ३३ इंच. पाचांना १६५.

पाठीला तुकडे उभे लाव, साडेअठरा आणि साडेअठरा शेजारी, लांबी साडेबावीस. बाजूला उरेल त्यातून चेनच्या आणि भिंतीच्या पट्ट्या निघतात. एक जास्तीची आडवी पट्टी धरून २७ इंच. पाचांना १३५.

एकूण ३०० इंच, म्हणजे ७.६२ मीटर. आटायचं धर, ८ झाले. तू पहिल्यांदाच शिवते आहेस, तेव्हा ९ घे. तो नववा मीटर चुकांचा. तो लागतोच.

पायमशीन ओढेल का म्हणून विचारतेस! अगं, त्या काळ्या मशीनवर मी गोधडी शिवली आहे. आता मिळणारी ती हातात मावणारी गुलाबी मशीन घेऊन आली असतीस तर मी काळजी केली असती. तेल घाल, पट्टा सैल असेल तर दोन बोटं आखूड कर, सुई १६ नंबर लाव, पॉलिस्टरचा दोरा घे, टाका जरा मोठा ठेव, इंचाला आठ. जाड सांध्यावर आली की पायाने नको, चाक हाताने फिरव.

बंद लावू नको. मुलं ओढतात आणि शिवण उसवते. चेन लाव. दुकानात मीटरवर मिळते ती घे, ५ नंबरची, रनर (चेन उघडा-बंद करायचा सरकता तुकडा) वेगळे. आधी दोन पट्ट्या उलट्या बाजूने जोडून लांब कच्चा टाका घाल, शिवण उघडून इस्त्री कर, तिच्यावर चेन पालथी ठेवून दोन्हीकडून शीव, मग कच्चा टाका उसव. चेन आपोआप मधोमध येते. रनर आधी ओवायचा हं. नंतर नाही.

---

शेंगाचटणी

सोलापूरहून हजेरी. कुणीच चादरीचं नाव काढेना म्हणून लिहितोय. आम्ही दिवाणाला आणि दोन जुन्या खुर्च्यांना सोलापुरी चादरीच्याच खोळी केल्यात. जाड असते, धुण्याला दणकट, आणि काठ आयता मिळतो.

एकच सांगतो. चादर कापली की कडेचे धागे सुटतात, आणि नक्षीमुळे मागच्या बाजूचे तर जास्तच. कापायच्या आधी दोन्हीकडून एकेक धावती शिलाई मारा, मग मधून कापा. ओव्हरलॉक करून मिळालं तर उत्तमच. आणि नक्षी गादीच्या मधोमध बसवायची असेल तर कापड जास्त जातं, तो मोह पहिल्या वेळी टाळा. मोर अर्धा कापला गेला की वाईट दिसतं. अनुभव आहे.

---

जर्सीतली जाई

मस्त धागा. माझा प्रश्न वेगळा आहे. इथे न्यू जर्सीत कुणीतरी रस्त्याकडेला ठेवलेली खुर्ची आम्ही आणली. वाफ वगैरे सगळं केलं, बोरिवली स्लो, काळजी नसावी. पण ती पूर्ण मढवलेली आहे. गोल हात, मागे निमुळती, सुटी गादी एकच. तिला मी रंगाऱ्याचं ड्रॉप क्लॉथ वापरतेय. रंगकाम करताना जमिनीवर अंथरतात ते जाड कॅनव्हास. ९ × १२ फुटांचं एकच सलग मिळतं, म्हणून एका खुर्चीला पुरतं, आणि सोफ्याच्या कापडाच्या मानाने अगदी स्वस्त. नवं असताना गोणपाटासारखं वास मारतं आणि ताठ असतं. तीनदा गरम पाण्यात धुतलं, ड्रायरमध्ये वाळवलं, आता छान मऊ आहे. मध्येच एखादी जोडशिवण असते, ती आधी शोधून ठेवावी लागते.

अडलंय ते हातापाशी. माप घेऊन कागदावर काढलं, कापलं, शिवलं, तर एक हात तंग आणि दुसरा ढगळ. दोन्हींचं माप एकच घेतलं होतं!

---

नलूमावशी

जाई, तिथेच तर चुकलं. जुन्या खुर्चीचे दोन हात सारखे नसतात. बसणारा माणूस नेहमी एकाच हातावर रेलतो, तो दबलेला असतो. तुझ्या खुर्चीला कागदावरचं माप चालणार नाही, कापड तिच्या अंगावरच बेतायचं. शिंपी ब्लाउज अंगावर टाचतो तसं.

कापड उलटं घालायचं, म्हणजे उलटी बाजू तुझ्याकडे. खुर्चीच्या पाठीवर खडूने मधोमध उभी रेघ मार, कापडाच्या तुकड्यावरही मार, दोन्ही रेघा जुळव. पहिला तुकडा आतल्या पाठीचा. उभा धागा वरून खाली सरळच हवा, नाहीतर खोळ पिळवटते. मग बसायची जागा. पाठ आणि बसायची जागा जिथे मिळतात त्या खाचेत पाच-सहा इंच कापड मोकळं सोड आणि आत खोच. हातांच्या खाचेतही तसंच. हे सोडलं नाहीस तर माणूस बसला की गादी दबते, कापड ओढलं जातं, आणि एके दिवशी फाटतं. बहुतेक लोक कापड वाचवायला इथेच कंजूषपणा करतात. कर बापडी कुठेही काटकसर, इथे नको.

मग हाताची आतली बाजू, बाहेरची बाजू, मागची पाठ. दोन तुकडे जिथे भेटतील तिथे दर दोन इंचांवर टाचणी. हाताच्या पुढच्या गोल तोंडाला वर्तमानपत्र दाबून धर, कडेने पेन्सिल फिरव, डाव्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं, आणि त्यावर 'डावा', 'उजवा' लिही. आपल्याला वाटतं लक्षात राहील. नाही राहत.

सगळं टाचून झालं की टाचण्यांच्या दोन्हीकडे खडूने रेघ, मग बाहेरचं कापड इंचभर ठेवून काप. टाचण्या काढून हाताने कच्चा टाका घाल. आता खोळ सुलट करून खुर्चीला घालून बघ. इथे दुरुस्ती करायला दोन मिनिटं लागतात. मशीन मारल्यावर दोन तास लागतात. पसंत पडली की मगच मशीन. गोल तोंडाच्या शिवणीला इंचाइंचाला कातरीने काप दे, टाक्यापर्यंत जाऊ नको.

एका मागच्या कोपऱ्याला वरून खालपर्यंत चेन, नाहीतर खोळ डोक्यावरून चढणार नाही. आणि खाली परकरासारखा नेफा करून नाडी ओव, खुर्चीच्या पायांच्या आतून आवळ. झालर लावायचीच असेल तर नंतर लाव. मला विचारशील तर झालर धूळ खाते आणि मांजराला खेळणं होतं.

---

बोरिवली स्लो

परकरासारखा नेफा! मावशी, धागा वाचनखूण म्हणून साठवला.

खाचेतलं कापड दिवसभरात वर येतं, त्याला आमचा उपाय: इलेक्ट्रिकच्या वायरिंगचा पाऊण इंची प्लास्टिक पाइप खाचेच्या लांबीचा कापून कापडावरून आत दाबायचा. कुणी वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी वापरतं. आणि खाली रेक्झिन असेल तर सुती खोळ त्यावर घसरते. गालिच्याखाली घालतात ती रबरी जाळी मध्ये टाकली की हलत नाही.

---

लेस्टरचा पाऊस

इंग्लंडात असाल तर एक लक्षात ठेवा. इथे १९८८ च्या नियमांमुळे मढवलेल्या फर्निचरला आगीच्या सुरक्षेचं लेबल असावं लागतं आणि जुनं विकताना तेच लेबल पुरावा म्हणून बघतात. लेबल नसलेला सोफा चॅरिटी दुकानं घेतच नाहीत. त्यामुळे खोळ बेतताना खालचं ते खरखरीत लेबल टोचतंय म्हणून कापून टाकू नका, पुढे कुणाला द्यायची वेळ आली तर अडेल. मी कापलं होतं. तो सोफा आता माझ्याबरोबरच म्हातारा होणार.

---

आगाऊ आजी

रंगीत कापड घेतलंस तर पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजव गं. रंग पक्का होतो. आम्ही लुगड्यांनाही तेच करायचो.

---

कोरं कापड

आजी, रागावू नका. कारखान्यात सुती कापड रंगवताना मीठ वापरतात हे खरं, पण ते रंगाच्या घोळात, रंग धाग्याकडे ढकलायला. पुढे सोड्याने तो धाग्याला चिकटतो. एकदा कापड रंगून बाहेर आलं की घरच्या मिठाने काही होत नाही. जो रंग सुटतोय तो मुळात चिकटलेलाच नाही, तो धुऊन काढायचा. दोन-तीनदा कोमट-गरम पाण्यातून, पाणी नितळ येईपर्यंत. ओला पांढरा रुमाल कापडावर घासून बघा, रुमाल रंगला तर कडेला पांढरी पायपिन (शिवणीतली गोल किनार) लावायचा विचार सोडा.

---

आगाऊ आजी

बरं. पण आमच्या लुगड्यांचा रंग गेला नाही तो नाहीच.

---

कोरं कापड

कारण तुमच्या काळी रंगवणाऱ्याने नीट रंगवलं होतं. :)

---

सुईत दोरा

पहिला रिपोर्ट. केसमेंट घेतलं, मोहरी रंगाचं, ५४ पन्हा (दुकानात टेप काढून मोजला, 'पन्हा कमी पडला' यांच्या स्मरणार्थ), १९० रु. मीटर, ९ मीटर. बादलीत मावेना म्हणून बाथरूममध्येच भिजवलं. सकाळी जमीन हळदीकुंकवासारखी पिवळी. घरमालक नेमके त्याच दिवशी नळ बघायला आले.

वाळल्यावर मोजलं: ८ मीटर ६२. म्हणजे ३८ सेंटीमीटर गेले! पन्हा ५४ चा साडेत्रेपन्न. कोरं कापड, तुमच्या तोंडात साखर पडो. न धुता शिवलं असतं तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

एक प्रश्न राहिला. जुना फोम दाबला की तसाच राहतो, वर येत नाही. बसायच्या पाचही गाद्यांचा बदलावा म्हणते. दुकानात '४० डेन्सिटी' म्हणून दिलाय, ५२० ला एक. मला वाटलं तेवढा भरीव नाहीये. कसं ओळखायचं?

---

कोरं कापड

तोलून. ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला ४० किलो. तुमचा २२ × २२ × ४ चा तुकडा ०.०३१७ घनमीटर भरतो. म्हणजे वजन सव्वा किलोच्या थोडं वर यायला हवं. ३२ डेन्सिटी असेल तर एक किलोच्या आसपास. खालच्या वाण्याकडे घेऊन जा.

---

सुईत दोरा

वाण्याकडे गेले. काउंटरवर साबुदाण्याच्या पोत्याशेजारी फोम ठेवला. मागे रांगेत चार माणसं. काटा: १ किलो १० ग्रॅम.

पाचही परत घेऊन गेले. दुकानदार आधी म्हणाला, 'ताई, फोम कुणी तोलतं का?' मी म्हटलं, 'मी तोलते.' मग आतून दुसरे पाच आणले. तिथल्याच काट्यावर एकेक ठेवला. १ किलो २६०, २७०, २७०, २५०, २८०. त्याच किमतीत. जाताना म्हणाला, कुणाला सांगू नका. म्हणून फक्त इथे सांगतेय.

---

पन्हा कमी पडला

या एका प्रतिसादासाठी धाग्याला १०० गुण. वाण्याचा फोटो हवा होता.

---

सुईत दोरा

तीन आठवडे गायब होते, माफी. झालं सगळं.

पहिल्या गादीची कथा. मावशींनी ठळक सांगूनही चेन आधी शिवली आणि रनर नंतर ओवायला बसले. दोन्ही टोकं शिवणीत गेलेली. अर्धा तास काटेचमच्याने प्रयत्न केला (हो, काटेचमच्याने, कुठेतरी व्हिडिओत पाहिलं होतं), शेवटी एक कोपरा उसवला. नववा मीटर इथे कामाला लागला, कारण उसवताना कातर कापडात गेली.

दुसऱ्या खोळीत गादी भरताना वाटलं, माप चुकलं. फोम आत जाईचना. साडेबावीस कापल्याबद्दल मनात मावशींना काही बोलले, ते इथे लिहीत नाही. मग आईने फोनवर सांगितलं, ड्रायक्लीनिंगची पातळ पिशवी फोमवर चढव. फोम पिशवीत घातला, मधोमध दुमडला, आत सरकवला, कोपरे हाताने आतून बसवले, पिशवी ओढून काढली. सर्रकन! कोपरे असे टोकदार बसलेत की वर टाचणी उभी राहील. मावशी, शब्द मागे.

तिसऱ्या गादीपासून हात बसला. पाचवी चाळीस मिनिटांत. पाठीच्या पाच दोन रविवारी झाल्या. कोपऱ्यावर सुई दोनदा मोडली, दोन्ही वेळा मी चाक हाताने न फिरवता घाईत पायाने चालवलं होतं. पायपिन केली नाही. उरेब पट्ट्या कापायला घेतल्या, तिरकं कापड हातात वेडंवाकडं ताणलं जायला लागलं, म्हटलं पुढच्या वर्षी.

हिशोब, ज्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारला त्यांच्यासाठी: कापड १७१०, फोम २६००, चेन साडेसहा मीटर १३०, रनर ४०, दोरा १२०, सुया ४०. झाले ४६४०. सोफा आणि टेम्पो धरून १२,०४०. दुरुस्तीवाल्याच्या नुसत्या २१ हजारांच्या पुढे हे बरं वाटतं, पण खरं सांगू, वेळ धरला तर रोज संध्याकाळी दीड-दोन तास असे तीन आठवडे गेले. ज्यांना शिवणाचा कंटाळा आहे त्यांनी फक्त बसायच्या पाच खोळी शिवाव्यात आणि पाठीला जुन्या साडीचे साधे अभ्रे करावेत. पाठीकडे कुणी बघत नाही.

फोटो टाकलेत. उजवीकडच्या खुर्चीची चेन पुढच्या बाजूला आलीय, ते मला माहीत आहे, सांगू नका.

---

जर्सीतली जाई

काय सुंदर रंग! माझीही झाली, हा घ्या झब्बू, म्हणजे माझ्या खुर्चीचाही फोटो. दोन्ही हात वेगळे बेतले. डाव्याचा कागद उजव्यापेक्षा पाऊण इंच मोठा निघाला. नाडी ओवताना आजीच्या परकराची आठवण आली, सेफ्टी पिन लावूनच ओवली.

---

लेस्टरचा पाऊस

दोन्ही फोटो बायकोला दाखवले. आता मी कापड शोधतोय. या धाग्याचा निषेध.

---

नलूमावशी

शाब्बास दोघींना. सुईत दोरा, पुढच्या बाजूची चेन दिसते आहे, पण मी काही बोलले नाही.

---

सुईत दोरा

एक शेवटचं. काल सासूबाई नगरहून आल्या. सोफा पाहून खूश, दहा मिनिटं हात फिरवत होत्या, 'तू शिवलंस? खरंच तू?' तीनदा विचारलं. मग चहा ठेवायला मी आत गेले. बाहेर आले तर बॅगेतून काढलेली चादर त्यांनी तिन्ही सीटवर अंथरली होती, चारी बाजूंनी नीट खोचून.

म्हणाल्या, नवी खोळ आहे, मळेल.

---

पन्हा कमी पडला

चादरीचा पन्हा विचारा.